समेट आणि उपचार

घरातल्या स्त्रीवर किंवा मुलीवर हात उगारला जातो, तेव्हा त्या घराभोवतीच्या समाजाचे कर्तव्य काय? या प्रश्नाला आपल्याकडे सर्वसाधारणपणे तीन उत्तरे दिली जातात. कोणी म्हणतो, ते काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे आहे. दुसरा म्हणतो, घरातले घरात राहू द्यावे. तिसरा म्हणतो, चार शहाण्या माणसांनी एकत्र बसून मिटवावे. अलीकडे जगभरातील विचारवंत आणि कार्यकर्तेही समाजाने स्वतः पुढाकार घेऊन या जखमा भरून काढाव्यात असे आग्रहाने मांडू लागले आहेत, आणि वरवर पाहता ते या तिसऱ्या उत्तरासारखेच दिसते. आपणा ख्रिस्ती मंडळींना तर ते विशेष जवळचे वाटते, कारण क्षमा, समेट, सांत्वन हे शब्द आपल्या रोजच्या प्रार्थनेतले आहेत. म्हणूनच या उत्तराची पारख आपण इतरांपेक्षा अधिक काळजीपूर्वक केली पाहिजे. जखम भरणे आणि जखम झाकणे या दोन गोष्टी बाहेरून पुष्कळदा सारख्याच दिसतात.

पवित्र शास्त्रातील एक प्रसंग या बाबतीत आरशासारखा आहे. मात्र तो आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात दावीद राजाची कन्या तामार हिची कथा आहे. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजारपणाचे सोंग करून तिला बोलावतो आणि तिच्यावर अत्याचार करतो. ती डोक्यात राख घालून, अंगावरचे वस्त्र फाडून, मोठ्याने आक्रोश करीत बाहेर पडते. म्हणजे झालेला अन्याय ती लपवत नाही, उघड सांगते. त्यानंतर घरातले पुरुष काय करतात? सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहण्यास सांगतो. तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस, असे समजावतो. पिता दावीद हे ऐकून फार संतापतो. परंतु त्याने काही केल्याचा उल्लेख नाही. दोन वर्षांनंतर अबशालोम अम्नोनाचा खून करवून सूड उगवतो. मौन, निष्क्रिय संताप आणि सूड हे तिन्ही त्या राजघराण्यात घडले. तामारेची विचारपूस मात्र कोणीच केली नाही. भावाच्या घरी ती उजाड होऊन राहिली एवढेच शास्त्र सांगते आणि तिच्याविषयी थांबते. तिच्या जखमेला राजवाड्यातील प्रत्येकाने घराण्याची जखम मानले. ती तिची होती, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

आपली परिस्थिती फार निराळी आहे असे समजू नये. वारजे हे एकेकाळचे मुठेकाठचे खेडे. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना उंच इमारतींनी भरलेले उपनगर. येथील ख्रिस्ती कुटुंबे वसईहून, नगर जिल्ह्यातून, गोव्यातून, केरळातून नोकरीधंद्यासाठी आलेली. चाळीत भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येई आणि एखादी म्हातारी शेजारीण दार ठोठावून आत जाई. सातव्या मजल्यावरील बंद दाराला तो शेजार नाही. सासर एका प्रांतात, माहेर दुसऱ्या, आणि आपण तिसऱ्याच ठिकाणी, अशा स्थितीत एखादी मुलगी आपले दुःख सांगणार कोणाला? सांगितलेच तर तिच्या कानी पडणारी वाक्ये जुनीच असतात. घरोघरी मातीच्या चुली. दिल्या घरी सुखी राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणींत शहाणपण नाही असे नाही. संसारातील क्षुल्लक कुरबुरींना त्या लागूही पडतात. पण मारहाणीला त्या लावल्या की त्याच म्हणी तामारेला मिळालेला सल्ला होऊन बसतात.

आणि हे क्वचित घडते असेही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. देशभरातील आकडा याहून अधिक, सुमारे २९ टक्के आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या मात्र देशात केवळ १४ टक्के आढळल्या. आपल्या रविवारच्या मिस्साला बसलेल्या बाकांवर ही संख्या मांडून पाहावी. ख्रिस्ती घरे त्याला अपवाद आहेत असे मानण्यास कोणताही आधार नाही.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धडा खुद्द पुणे शहराने गिरवला आहे. बीडची मंजुश्री सारडा ही तरुणी फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन पुण्यास आली आणि १२ जून १९८२ रोजी मृत आढळली. तिच्या पोटात सायनाइड होते. लग्नाला चार महिने झाले होते. मृत्यूपूर्वीच्या आठवड्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिच्या मनावरचा ताण आणि भीती उमटली होती. ही पत्रे पुढे न्यायालयापुढे पुरावा म्हणून आली. कनिष्ठ न्यायालयाने पतीस दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असे म्हणून त्यांना निर्दोष मुक्त केले. परिस्थितिजन्य पुरावा कसा तोलावा याची जी पाच सूत्रे त्या निकालपत्रात ‘पंचशील’ म्हणून मांडली गेली, ती आजही देशभरातील न्यायालयांत आधाराला घेतली जातात.

त्या निकालाचा आदर केलाच पाहिजे. संशयाच्या आधारे कोणाला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आपल्या सर्वांच्याच संरक्षणासाठी आहे. परंतु न्यायालयाचा प्रश्न एवढाच असतो की, आरोपीने हे कृत्य केल्याचे सिद्ध झाले काय? त्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी एक निराळा प्रश्न शिल्लक राहतोच: ती मुलगी पत्रांतून आपली भीती सांगत होती, तेव्हा तिचे ऐकून तिला आधार देणारी कोणती जागा या शहरात होती? त्या प्रश्नाला न्यायालय उत्तर देऊ शकत नाही. ते शहराने द्यायचे असते.

पुण्यातील काही स्त्रियांनी ते देण्याचा प्रयत्न केला. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नारी समता मंच उभारला आणि ‘मी एक मंजुश्री’ नावाचे पोस्टर प्रदर्शन गावोगावी नेले. नावाचा अर्थ लक्षात घ्यावा. मेलेल्या मुलीसाठी हळहळण्यापाशी ते थांबत नव्हते. पाहणाऱ्या स्त्रीला ते स्वतःविषयी बोलण्यास बोलावीत होते. प्रदर्शन पाहावयास आलेल्या बायका आपापल्या कहाण्या सांगू लागल्या, आणि त्या ऐकण्यासाठी कायमची जागा हवी या गरजेतून ‘बोलते व्हा’ हे केंद्र सुरू झाले. पुढे पुरुषांशी बोलण्यासाठी ‘पुरुष संवाद केंद्र’ही निघाले. ३० जानेवारी २०२० रोजी विद्याताईंचे निधन झाले. त्या धर्मश्रद्धेच्या भाषेत बोलत नसत, आणि त्यांची सगळी मते आपणांस पटतील असेही नाही. तथापि कोणाला दोषी ठरविण्याआधी, आणि कोणाशी समेट घडविण्याही आधी, ऐकणारे कान तयार केले पाहिजेत, ही त्यांच्या कामातली शिकवण आपण कृतज्ञतेने घ्यावी अशी आहे.

पुण्याला ही परंपरा अगदीच नवी नव्हती. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, असे त्यांचे आवाहन होते. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अशाच संकटांतून आलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हा विभाग चालविला. या दोन्ही घरांत आलेल्या स्त्रीला तिचा दोष आधी विचारला गेला नाही. आधी दार उघडले गेले. बाकीचे प्रश्न नंतरचे.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे. समाजाने पुढाकार घ्यावा असे म्हणताना आपण विसरतो की, पुष्कळदा समाज हाच मारणारा हात असतो. कंजारभाट समाजात नववधूची कौमार्यचाचणी घेण्याची आणि तिचा निकाल जातपंचांपुढे सांगण्याची प्रथा होती. मुलगी ‘नापास’ ठरली तर अपमान, मारहाण, दंड. विरोध केला तर वाळीत टाकणे. हे सारे समाजाच्या एकत्र बसण्यातूनच घडत होते. चार शहाणी माणसे तेथेही होतीच. या प्रथेविरुद्ध २०१७ च्या अखेरीस त्याच समाजातील तरुण-तरुणींनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाने मोहीम सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरी येथे एका लग्नप्रसंगी त्यांच्यापैकी काहींना मारहाण झाली; तरी ते मागे हटले नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ मध्येच अमलात आला होता, त्याचा त्यांना आधार मिळाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल असे राज्य शासनाने जाहीर केले.

हे वाचून आपण नाक मुरडू नये. आपल्यात जातपंचायत नाही हे खरे; पण लोक काय म्हणतील ही पंचायत प्रत्येक धर्मग्रामात भरलेली असते आणि तिला इमारत लागत नाही. त्या तरुणांनी आपला समाज सोडला नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. हा समाज आमचाही आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर हे होऊ देणार नाही, असे ते म्हणत राहिले. समाजाने केलेल्या पंचनाम्यात आणि समाजाने केलेल्या उपचारात फरक कसा ओळखावा, याची कसोटी येथे सापडते. पंचायत बसते ती समाजाची अब्रू राखण्यासाठी. तिच्यापुढे स्त्री ही साक्षीदार किंवा आरोपी असते. उपचारासाठी बसलेल्या मंडळींना मात्र प्रथम हे मान्य करावे लागते की, जखम तिची आहे, आणि समाजाची अब्रू ही तिने वाहावयाची वस्तू नव्हे.

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांपुढेही उभा आहे, आणि त्याचा आपल्या ख्रिस्तसभेशी थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला या भटक्या शिकारी लोकांना कायम वस्त्यांत आणून बसविण्यात आले. १९४१ पासून त्यांना नावांऐवजी क्रमांक देण्यात आले आणि ते क्रमांक कोरलेल्या चकत्या गळ्यात घालाव्या लागत. मुले घरापासून दूर निवासी शाळांत आणि वसतिगृहांत पाठविली गेली. त्यांपैकी काही कॅथलिक मिशनांनी चालविलेली होती, आणि तेथे मुलांवर अत्याचारही झाले. आईवडिलांच्या मायेवाचून वाढलेली ती मुले पुढे स्वतः आईबाप झाली, तेव्हा घरांत शिरलेल्या हिंसेचा सर्वाधिक मार स्त्रियांना आणि मुलींना बसला. तेथील बहुतेक वस्त्यांना एकमेकींशी जोडणारा रस्ता नाही. विमानाशिवाय बाहेर पडता येत नाही. पुष्कळ ठिकाणी आश्रयगृहही नाही. मार खाणारी बाई पळून जाणार कोठे?

इन्युइट स्त्रियांनी १९८४ मध्ये ‘पाउक्टूटिट’ ही स्वतःची संघटना स्थापन केली. बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांविषयी कॅनडात नेमलेल्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल जून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात न्यायासाठी २३१ आवाहने आहेत. त्या चौकशीच्या सुनावण्यांच्या वेळी इन्युइट वृद्धा ‘कुलिक’ म्हणजे सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा लावीत आणि त्याची ज्योत सांभाळीत. घर उबदार ठेवण्याचे ते स्त्रियांचे पारंपरिक काम. या स्त्रियांची मागणी दुहेरी आहे, आणि तिचे दोन्ही भाग आपण ऐकले पाहिजेत. उपचार आमच्या भाषेत, आमच्या वडीलधाऱ्यांच्या सोबतीने व्हावेत. पुरुषांसाठी आणि मुलग्यांसाठीही व्हावेत, कारण त्यांनीही बालपणी सोसले आहे. परंतु त्याबरोबरच आश्रयगृहे हवीत, विश्वासार्ह पोलीस हवेत, घरे हवीत. संस्कृतीचे नाव घेऊन कायदा टाळावा असे त्या म्हणत नाहीत. २९ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस इकालुइट येथे स्वतः गेले आणि निवासी शाळांत कॅथलिकांनी केलेल्या दुष्कृत्यांबद्दल त्यांनी इन्युइट लोकांची क्षमा मागितली. जिला जखम झाली तिच्या दारी जाऊन क्षमा मागावयाची असते. तिला आपल्या दारी बोलावून क्षमा करावयास लावायची नसते, हे ख्रिस्तसभेच्या प्रमुखाने कृतीने दाखविले.

येथे आपण श्रद्धेच्या गाभ्यापाशी येतो. क्षमा ही ख्रिस्ती जीवनाची खूण आहे आणि प्रभू येशूने तिला मर्यादा घातली नाही. मग मार खाणाऱ्या स्त्रीला क्षमा कर असे सांगण्यात चूक ती काय? चूक क्रमात आहे. प्रायश्चित्त संस्काराचा क्रम आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केला आहे: पश्चात्ताप, पापनिवेदन, पापमुक्ती आणि केलेल्या हानीची भरपाई. या क्रमातील सारी पावले अपराध्याने टाकावयाची आहेत. जक्कयाच्या घरी तारण आले, त्या वेळी लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचा शब्द त्याने स्वतः दिला होता. लुबाडलेल्यांना बोलावून, जक्कयाला सांभाळून घ्या, असे कोणी सांगितले नाही. आपल्या घरांतून मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा चालतो. पहिले पाऊल मारलेलीने टाकायचे, शेवटचेही तिनेच; आणि मारणाऱ्याने जेवायला बसायचे.

भल्या शोमरोन्याचा दाखलाही याच दृष्टीने पुन्हा वाचावा. त्याने जखमा धुतल्या, तेल आणि द्राक्षारस ओतून बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. लुटारूंशी तुझा समेट घडवून देतो, असे तो म्हणाला नाही. कधीकाळी त्या जखमी माणसाने लुटारूंना मनोमन क्षमा केलीही असेल. ते त्याचे आणि देवाचे. शोमरोन्याचे काम औषध, निवारा आणि पैसे यांचे होते.

विवाहबंधन अविच्छेद्य असल्यामुळे स्त्रीने सारे सोसून त्याच छपराखाली राहिलेच पाहिजे, असा समज आपल्यात खोल रुजलेला आहे. तो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून नाही. १९८३ च्या धर्मसभा-विधिसंहितेचे ११५३ वे कलम स्पष्ट आहे: जोडीदारापैकी एकजण दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला अथवा शरीराला गंभीर धोका निर्माण करीत असेल, तर दुसऱ्याला वेगळे राहण्यास न्याय्य कारण मिळते, आणि विलंब धोक्याचा असेल तर स्वतःच्या निर्णयानेही तो वेगळा होऊ शकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात याही पुढे जाऊन म्हटले आहे की, दुर्बल जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचविण्यासाठी वेगळे होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते. वेगळे राहणे म्हणजे घटस्फोटाचा पुरस्कार नव्हे. आणि दुसऱ्याने आपल्या क्रोधापायी लादलेली वेदना म्हणजे ख्रिस्ताचा क्रूस नव्हे. ख्रिस्ताने आपला क्रूस स्वेच्छेने उचलला होता.

कायद्याचे स्थानही नीट समजून घेतले पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तिच्या मदतीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. मुलांच्या बाबतीत तर निवडीला जागाच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला मिळते, त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे चार माणसांनी बसून मिटविणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. समाजाचा उपचार कायद्याच्या जागी येत नाही. कायदा जेथे पोचत नाही तेथे, म्हणजे तक्रारीपूर्वीच्या भीतीत आणि निकालानंतरच्या एकाकीपणात, त्याची जागा असते.

आणि पुरुषाचे काय? तो आपल्याच बाकावर बसतो, आपल्याच बैठकींना येतो. त्याला वाळीत टाकल्याने हिंसा संपत नाही. बहुधा ती अधिक आत दडते. पण त्याच्याशी हसतखेळत वागत राहिल्यानेही ती संपत नाही. ज्याच्या शब्दाला तो मान देतो अशा वडीलधाऱ्या पुरुषाने त्याला स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, आम्हांला ठाऊक आहे, आम्ही याला संसारातली कुरबुर मानत नाही, आणि तू बदलण्यास तयार असशील तर आम्ही सोबत आहोत. दारू सोडविण्यासाठी जशी सोबत लागते, तशी हात आवरण्यासाठीही लागते. मात्र त्याच्या सुधारणेची किंमत तिच्या सुरक्षिततेतून वसूल होता कामा नये. तो सुधारतो आहे म्हणून तिने परत जावे, हा निर्णय तिचा, आणि तिने हवा तेवढा वेळ घ्यावा.

आपल्या धर्मग्रामातील विभागवार लहान समूहांना यात पुष्कळ करता येईल. प्रत्येक विभागात, जिच्याकडे कोणतीही स्त्री कोणत्याही वेळी जाऊ शकेल अशी एकतरी विश्वासू बाई सर्वांना माहीत असावी. तिने ऐकलेले तिच्यापाशीच राहील याची खात्री असावी. मात्र पोक्सोचा विषय आला तर मौन चालणार नाही, हेही तिला माहीत असावे. महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक सूचनाफलकावर लग्नाच्या घोषणांशेजारीच लावावा. विवाहपूर्व शिबिरात मुलग्यांशी या विषयावर उघड बोलावे. आणि मुलीच्या आईवडिलांनी पाठवणीच्या वेळी आशीर्वाद देताना एवढे जोडावे की, हे घर तुझे होते आणि पुढेही राहील.

यांपैकी काहीच जमले नाही, तरी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला आजच करता येईल. एखादी बहीण, सून, शेजारीण पहिल्यांदा तोंड उघडेल त्या क्षणी आपण काय म्हणणार, हे आधी ठरवून ठेवावे. त्या वेळी डोक्यात पहिली येते ती म्हण, आणि ती तिला परत त्याच दारात पाठवते. त्याऐवजी दोनच वाक्ये म्हणावीत: तू सांगतेस ते मला खरे वाटते. आज रात्री तू कोठे राहशील? यानंतरचे सारे प्रश्न, न्यायाचे, पश्चात्तापाचे, क्षमेचे, सावकाश सोडविता येतात. तामारेला राजवाड्यातल्या एकाने जरी हे विचारले असते, तर तिची कथा शास्त्रात त्या उजाड ओळीवर थांबली नसती.